तळाची मोजणी कोण करणार?

खाऱ्या पाण्याच्या टाकीतली वाळू धुवायची नसते, उपसायची नसते आणि खालवर तर मुळीच करायची नसते. पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीतल्या माझ्या घरी येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे सांगावं लागतं. चार फुटी टाकीच्या काचेतून वाळूच्या थराचा उभा छेद दिसतो आणि तो पाहिला की प्रश्न ठरलेला असतो: ‘ही खालची घाण काढत का नाही?’ वर दोन बोटं पांढरी वाळू, तिच्याखाली करड्या-तपकिरी रेषा, मध्येच हिरवट पट्टा, कुठे काचेला चिकटलेले बुडबुडे आणि सगळीकडे बारीक बिळांचं जाळं. प्रवाळ आणि मासे बघायला आलेल्या माणसाला हे अस्वच्छ वाटतं. माझ्या मते टाकीतला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे.

माझी नोकरीही पाण्याचीच आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवतो. त्यामुळे सोसायटीच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी केंद्राचं, काही बिनसलं की आधी माझं दार वाजतं. दिवसभर जे काम ब्लोअर, पंप आणि मीटर लावून करून घ्यायचं, तेच काम घरी बारा सेंटिमीटर वाळू विजेच्या एका तारेशिवाय करते. या वाळूची देखभाल कशी होते हे समजलं, तर आपल्या शहराच्या पाण्याबद्दलही वेगळा विचार करावा लागतो, म्हणून हा लेख.

आधी ही वाळू करते काय ते सांगतो. मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. या दोन्ही कामांना भरपूर प्राणवायू लागतो आणि तो उघड्या पाण्यात मिळतो. पुढची पायरी अवघड आहे. नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करून तो हवेत सोडून देणारे जिवाणू हे काम प्राणवायू जवळपास संपलेल्या जागीच करतात. प्रक्रिया प्रकल्पात त्यासाठी अॅनॉक्सिक टँक असतो. हवेच्या टाकीत विरघळलेला प्राणवायू लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा आणि अॅनॉक्सिकमध्ये तो अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली राहील हे बघायचं. ही तारेवरची कसरत मी पगार घेऊन करतो. बारीक वाळूत मात्र ती आपोआप होते. वरच्या एक-दोन सेंटिमीटरमधले जीव प्राणवायू संपवतात, वरून नवा प्राणवायू तितक्या वेगाने खाली झिरपत नाही, आणि खालच्या थरात नायट्रेट फोडणाऱ्या जिवाणूंना हवी तशी जागा तयार होते. काचेला चिकटलेले ते बुडबुडे बहुतेक नायट्रोजनचे असतात.

ही कल्पना हौशी लोकांपर्यंत दोन वाटांनी आली. १९८०च्या दशकात फ्रान्समधले प्राध्यापक जाँ जोबेर यांनी मोनॅकोच्या मत्स्यालयासोबत काम करताना वाळूच्या खाली पाण्याची एक स्थिर पोकळी ठेवण्याची पद्धत मांडली. पुढच्या दशकात अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ रोनाल्ड शिमेक यांनी पोकळीची गरज नाही असं ठासून सांगितलं. चार इंच किंवा जास्त खोल, अगदी बारीक दाण्यांची आणि जिवांनी भरलेली वाळू पुरेशी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. यातली शेवटची अट लोक विसरतात. खोली आणि दाणा यांवर तासन्‌तास चर्चा होते, जिवांचं नावही निघत नाही.

मोशीत असा थर उभा करताना पहिला प्रश्न वाळूचाच येतो. इथल्या खाणी आणि क्रशर सगळ्यांना माहीत आहेत. क्रश सँड हवी तेवढी मिळेल, पण ती काळ्या बेसाल्टची. तिला धारदार कोपरे असतात आणि प्रवाळांच्या टाकीत तिचा उपयोग नाही. नदीची वाळूही चालत नाही. हवी असते ती अॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. ती पिशवीबंद, कोरडी, बाहेरून येते आणि महाग पडते. चार फूट बाय दोन फुटांच्या तळावर बारा सेंटिमीटरचा थर द्यायचा तर नव्वद लिटरच्या आसपास वाळू लागते. तिचं वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं. फ्लॅटमध्ये टाकी भिंतीलगत आणि बीमच्या जवळ का ठेवायची, ते यावरून समजावं.

‘मालवणहून दोन गोण्या आणल्या तर?’ असं काही जण विचारतात. आणू नका. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार किनाऱ्यावरची वाळू आणि खडक काढायला मनाई आहे. प्रवाळांच्या बाबतीत तर कायदा त्याहून कडक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, तिथेही प्रवाळ आहेत. या ठिकाणांतून एक दगडसुद्धा कुणाच्या दिवाणखान्यात येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हौस करायची तर एका टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा दुसऱ्या टाकीत लावून करावी.

मग कोरड्या वाळूत जीव कुठून येतात? दुसऱ्या हौशी माणसाच्या मुरलेल्या टाकीतून वरच्या थरातली वाटीभर वाळू आणायची आणि आपल्या वाळूवर पसरायची. विरजण लावावं तसं. त्या वाटीतून धाग्यासारखे तंबू पसरणारे किडे, केसाळ ब्रिसल वर्म, अॅम्फिपॉड, कोपेपॉड, नखाएवढे ठिसूळतारे आणि लाखो जिवाणू येतात. नॅसॅरियस गोगलगाई वेगळ्या आणाव्या लागतात. त्या दिवसभर वाळूत पुरलेल्या असतात आणि खाण्याचा वास आला की सोंड वर काढून बाहेर येतात. हे जीव वाळू खात नाहीत, वाळूतून वाट काढतात. त्यांच्या बिळांतून नायट्रेट असलेलं पाणी खाली उतरतं, थर गच्च बसत नाही, माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न जागच्या जागी संपतं. असा थर स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्याआधी पाण्याचे आकडे वरखाली होतात, तपकिरी शेवाळ येतं, आणि धीर सुटलेला माणूस सायफनची नळी हातात घेतो. तिथेच सगळं बिघडतं. नळीने खोलवर ओढून घेतलं की वर्षभरात बसलेले थर एका दुपारी मिसळतात आणि खालच्या बिनप्राणवायूच्या जागेतलं सगळं वर येतं.

देखभाल म्हणजे मग काय करायचं? पाण्याचा झोत वाळूवर आदळणार नाही असे वेव्हमेकर लावायचे. दगड वाळूवर ठेवायचे नाहीत, ते थेट तळाच्या काचेवर किंवा जाळीवर बसवून भोवती वाळू भरायची, नाहीतर बिळं करणारा एखादा मासा आख्खी रास पाडतो. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे डोस थोडेथोडे द्यायचे. एकदम जास्त दिले तर वाळूचे दाणे एकमेकांना चिकटून सिमेंटसारखी ढेकळं होतात आणि त्या जागी बिळं थांबतात. अॅरागोनाइट खालच्या कमी पीएचच्या थरात हळूहळू विरघळतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी वरून थोडी वाळू पसरायची. आणि दरवर्षी दुसऱ्याच्या टाकीतली वाटीभर वाळू पुन्हा टाकायची, कारण बंद टाकीत काही जाती कमी होत जातात. सागरात त्यांची भरपाई आपोआप होते, काचेच्या पेटीत ती कुणीतरी करावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं काम रात्री होतं. टाकीचे दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी मी लाल प्रकाशाची टॉर्च घेऊन टाकीजवळ बसतो. लाल उजेडाने हे जीव फारसे बुजत नाहीत. काचेच्या एका ठरलेल्या चौकोनात किती बिळं चालू आहेत, किती किडे दिसतात, कोपेपॉड उड्या मारतात का, हे मोजतो आणि वहीत लिहितो. नायट्रेटचं टेस्ट किट मी वापरतोच, पण किट बिघाड झाल्यावर सांगतं. किड्यांची संख्या आधी घसरते, आकडा नंतर चढतो. माझ्या प्लांटमध्येही हाच अनुभव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली गाळातले रोटिफर आणि देठवाले सिलिएट कमी झाले की पुढे बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्रत बिघडणार, हे अनुभवी ऑपरेटर रिपोर्ट यायच्या आधी सांगतो.

भोसरीतल्या एका मित्राच्या टाकीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. वाळू ‘साफ’ राहील म्हणून दुकानदाराने त्याला वाळू गाळणारा तारामासा विकला. वाळू खरंच पांढरीशुभ्र झाली. तारामाशाने काही महिन्यांत थरातले सगळे किडे, गोगलगाई, बारीक शिंपले खाऊन टाकले आणि मग खायला काही उरलं नाही म्हणून स्वतः उपाशी मेला. त्यानंतर वाळू घट्ट बसली, नायट्रेट चढत गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला टाकी आधीपेक्षा स्वच्छ दिसत होती.

खोल वाळूच्या विरोधातला युक्तिवादही मी मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जवळपास २.७ ग्रॅम सल्फेट असतं. नायट्रेटही संपलेल्या खोल जागी दुसरे जिवाणू या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हाच तो कुजक्या अंड्याचा वास. थर न हलवता राहिला तर हा वायू वर येतायेता वरच्या थरातल्या प्राणवायूत निकामी होतो. पण कुणी थर उकरला तर तो थेट पाण्यात मिसळतो आणि मासे तासाभरात जाऊ शकतात. शिवाय वाळू फॉस्फेट घालवत नाही, फक्त धरून ठेवते, आणि काही वर्षांनी परत सोडू लागते. म्हणून बरेच जाणकार तळ मोकळाच ठेवतात आणि खोल वाळूला ‘टाइम बॉम्ब’ म्हणतात. माझं उत्तर असं की हा धोका जीव मेलेल्या किंवा उकरलेल्या थराचा आहे. फॉस्फेटसाठी संपमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीत, कीटोमॉर्फा शेवाळ वाढवून ते दर आठवड्याला कापून काढावं लागतं, हे वाळूवर टाकता येत नाही. वाळू सगळं करते असं सांगणारा विक्रेताही चुकीचंच सांगतो.

आपल्या पट्ट्यात दोन अडचणी खास आहेत. एक, गुरुवार. औद्योगिक सुट्टीच्या दिवशी महावितरणची दुरुस्तीची कामं निघतात आणि वीज काही तास जाते. जिवंत वाळू भरपूर प्राणवायू ओढते, त्यामुळे पंप बंद पडल्यावर मोकळ्या तळाच्या टाकीपेक्षा खोल वाळूच्या टाकीत तो लवकर संपतो. एप्रिल-मेमध्ये तर आणखी लवकर, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर, एवढं नसेल तर खोल वाळू करू नका. दोन, भाड्याचं घर. मोशी, चिखली, चाकण इथे नोकरीसाठी आलेली असंख्य कुटुंबं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. मुरलेला थर टाकीसकट हलवता येत नाही, हलवला तर वर सांगितलेला सल्फाइडचा धोका समोर उभा. अशांनी मुख्य टाकीत वाळू न घालता शेजारी एका वीस लिटरच्या बादलीत ती भरावी आणि तिच्या वरून फक्त पाणी वाहतं ठेवावं. काम तेच होतं. घर बदलताना वरची वाटीभर वाळू विरजणासाठी ठेवायची, बाकीची टाकून द्यायची.

आता या लेखाचं खरं कारण. माझ्या टाकीतलं पाणी मुळात इंद्रायणीचं आहे. आंद्रा धरणातून नदीत सोडलेलं पाणी निघोजेच्या बंधाऱ्यावर उचललं जातं, चिखलीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि मोशीच्या नळाला येतं, तेही दिवसाआड. नोव्हेंबर २०१९पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआडच पाणी आहे. ते आरओ करून, मीठ मिसळून मी टाकीत घालतो. टाकीत टाकलेल्या प्रत्येक लिटरमागे आरओचं त्याहून जास्त पाणी बाहेर पडतं, ते फरशी आणि झाडांसाठी साठवतो. या शहरात ही हौस करणाऱ्याने एवढं केलंच पाहिजे.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावून तुळापूरला भीमेला मिळेपर्यंत ही नदी देहू, मोशी, आळंदी अशी वाहते. आळंदीच्या घाटावर वारीच्या तोंडावर पांढरा फेस आला की बातम्या येतात, जलपर्णी वाढली की यंत्रं उतरतात. गाळ काढा, काठ बांधा, घाट करा, अशा मागण्या होतात. महापालिकेचा इंद्रायणी नदी सुधार प्रकल्पही आता पुढे सरकतो आहे. या सगळ्यात नदीच्या तळाला कुणी विचारत नाही. नदीच्या वाळूत आणि गाळवटात तेच घडतं जे माझ्या टाकीत घडतं. वरच्या थरात प्राणवायू, खाली नायट्रेट फोडणारे जिवाणू, मध्ये बिळं करून दोन्ही जोडणारे किडे आणि अळ्या. पुणे जिल्ह्यातल्या नद्यांमधून वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली तेव्हा बांधकामाचा माल गेला एवढंच आपण मोजलं. नदीचा अॅनॉक्सिक टँक उचलून नेला गेला, हे कुणी लिहिलं नाही.

मैलापाणी आणि साबण नदीत जाणं आधी थांबलं पाहिजे, यात वाद नाही. कोणताही तळ तेवढा भार पेलणार नाही. कुजलेला, विषारी गाळ काही ठिकाणी काढावाही लागेल. पण कुठला गाळ मेलेला आणि कुठली वाळू जिवंत, हे ठरवल्याशिवाय पोकलेन उतरवू नये. ते ठरवायची पद्धत नवी शोधायची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तळातल्या जिवांवरून नदीचा दर्जा ठरवण्याचे जैविक निकष तयार केलेले आहेत. स्वच्छ ते अतिप्रदूषित असे त्यात पाच वर्ग आहेत. मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या अळ्या सापडल्या तर तळ चांगला, फक्त ट्युबिफेक्सचे लाल किडे उरले तर वाईट. गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांना ट्युबिफेक्स माहीत आहे, खाद्य म्हणून विकतात. ते गोळा कुठून करतात, हेही त्यांना माहीत आहे.

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ मोशीच्या खालच्या बाजूला इंद्रायणीच्या पाण्याचे नमुने नेमाने घेतं. माझी मागणी साधी आहे. त्याच जागी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, तळातले जीवही मोजावेत आणि बीओडीच्या (जैविक प्राणवायू मागणीच्या) आकड्याशेजारी ती मोजणी प्रसिद्ध करावी. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी एक जाळी, एक ट्रे आणि भिंग एवढ्यावर हे काम शिकू शकतात. सुधार प्रकल्पाचं काम सुरू होण्याआधीची मोजणी आज झाली नाही, तर नंतर नदी सुधारली की बिघडली हे कुणालाच सांगता येणार नाही. महापालिकेने कामाच्या निविदेआधी ती करून घ्यावी. आणि मोशी, चिखली, डुडुळगावच्या सोसायट्यांनी पुढच्या वार्षिक सभेत आपल्या एसटीपीच्या गाळाचा सूक्ष्मदर्शकाखालचा अहवाल मागावा. तो तयार करायला कुणी नसेल, तर मी येऊन शिकवायला तयार आहे.